मूठ उघडा, पंचहो: आमच्या मंडळीच्या पंचकमिटीस खुले पत्र

प्रति,
पाळकसाहेब, सचिव, खजिनदार आणि पंचकमिटीचे सर्व सभासद,
इंदूर

सप्रेम जय ख्रिस्त.

गेल्या महिन्यात वार्षिक सभेत सचिवांनी एक ठराव वाचला. यापुढे वर्षाचा जमाखर्च मंडळीसमोर वाचला जाणार नाही. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी लेखी अर्ज द्यावा, कमिटी विचार करील. चार हात वर झाले, बाकीच्यांनी माना खाली घातल्या आणि ठराव सर्वानुमते मंजूर झाल्याची नोंद झाली. मी उठून उभी राहिले तेव्हा मला अगदी मायेनंच सांगण्यात आलं, “बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. बसा, आता प्रार्थना करू.” मी बसले. सगळ्यांबरोबर आमेनही म्हटलं. त्या रात्री मला झोप आली नाही, ती त्या आमेनमुळे.

हे पत्र उघडपणे का लिहिते, ते आधी सांगते, कारण “घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणली” असं म्हटलं जाईल हे मला ठाऊक आहे. बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने क्रम घालून दिला आहे. भावाचा अपराध दिसला तर आधी त्याला एकांतात गाठून बोल. ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत घेऊन जा. तरीही ऐकलं नाही तर मंडळीला सांग. मी पाळकसाहेबांकडे एकटी गेले. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतलं आणि “पाहू” म्हणाले. दुसऱ्यांदा मंडळीतल्या दोन वडीलधाऱ्या बायकांना घेऊन सचिवांकडे गेले. त्यांनी ठरावाची प्रत दाखवली आणि विषय संपल्याचं सांगितलं. आता तिसरी पायरी उरली आहे. आपल्या मंडळीचं नाव मी इथे घालत नाही, कुणा माणसाचंही घालत नाही. ज्यांना हे लिहिलं आहे त्यांना कळेल, आणि बाकीच्या वाचकांनी आपापल्या मंडळीकडे पाहावं.

माझा यात काय संबंध? माझे आजोबा नगर जिल्ह्यातून इथल्या कापड गिरणीत कामाला आले. तेव्हा गिरणीच्या चाळीत मराठी उपासना घरोघरी व्हायची. माझे वडील पुढे मंडळीचे खजिनदार झाले आणि १९ वर्षं राहिले. रविवारी उपासना संपली की मागच्या खोलीत टेबलावर चादर पसरायची, त्यावर दानाच्या थैल्या उलट्या करायच्या. वडील एकटे कधी मोजत नसत. दोन माणसं समोर असल्याशिवाय थैलीची गाठ सुटायची नाही. आम्ही पोरं नाण्यांच्या चळती लावायचो. एकदा हिशेबात दोन रुपये कमी निघाले. पावसाळ्याचे दिवस, सगळ्यांना भूक लागलेली. कुणीतरी म्हणालं, दोन रुपयांनी काय होतंय, मी घालतो. वडिलांनी घालू दिले नाहीत. म्हणाले, “पदरचे घालून जुळवलेला हिशेबसुद्धा खोटाच.” आणि वहीत लिहिलं: दोन रुपये कमी. पुढच्या रविवारी ते तसंच मंडळीसमोर वाचलं. मंडळीत कुणी हसलं नाही.

मी पुढे ३१ वर्षं बँकेत कॅशवर बसले. तिथेही हाच नियम होता, रोकड कमी निघाली तरी लिहायची, जास्त निघाली तरी लिहायची. पण तो मी बँकेत शिकले नाही. मी तो त्या चादरीवर शिकले. येशूवर विश्वास ठेवणं म्हणजे काय, हे मला शब्बाथ शाळेतल्या, म्हणजे रविवारच्या बायबल वर्गातल्या, पाठांतराइतकंच त्या दोन रुपयांनी शिकवलं आहे. म्हणून त्या खोलीत काय चालतं याची मला इतकी कळकळ आहे.

आणि आता माझा स्वतःचा अपराध, कारण तो न सांगता तुमच्याकडे बोट दाखवण्याचा मला हक्क नाही. तीन वर्षांपूर्वी मंडळीने मला आणि आणखी एका भावाला हिशेब तपासनीस नेमलं होतं. नाताळच्या आधीची गडबड होती, घरी पाहुणे होते, तेव्हाचे खजिनदार माझ्या नात्यातले. पावत्यांची फाईल समोर होती. मी ती उघडली नाही. ताळेबंदाच्या खाली सही केली आणि घरी करंज्या तळायला गेले. बँकेत कुणी असं केलं असतं तर मीच त्याची तक्रार केली असती. देवाच्या घरात मात्र मी ते केलं, आणि मनाची समजूत घातली की आपल्याच माणसांवर काय शंका घ्यायची. ती फाईल मी गेल्या वर्षी पहिल्यांदा उघडली. त्यात काय दिसलं ते पुढे येईलच. ज्या ताळेबंदावर माझी सही आहे त्याबद्दल मी मंडळीची क्षमा मागते.

आता ठरावाकडे येते. सचिवांनी ठरावाला शास्त्राचा आधार दिला आहे: बायबलातलं ‘दुसरं राजे’ हे पुस्तक, अध्याय १२, वचन १५. मंदिराच्या डागडुजीसाठी ज्यांच्या हाती पैसे दिले त्यांच्याकडून हिशेब मागत नसत, कारण ती माणसं इमानाने वागत. वचन खरं आहे. पण शास्त्रातलं एक वचन उचलून बाकीचा अध्याय झाकून ठेवणं, हेही झाकल्या मुठीसारखंच आहे. तोच अध्याय वरून वाचा. योवाश राजाने याजकांना सांगितलं होतं की लोक आणतात त्या पैशातून मंदिराची पडझड दुरुस्त करा. त्याच्या कारकिर्दीचं २३ वं वर्ष उजाडलं तरी दुरुस्ती झालेली नव्हती. पैसे येत होते, भिंती तशाच होत्या. राजाने यहोयादा याजकाला बोलावून विचारलं, का केली नाही? मग यहोयादाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडलं आणि लोक आत येताना उजव्या हाताला, वेदीजवळ, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक असे दोघे येऊन पैसे मोजत, थैल्यांत बांधत आणि मगच कामावरच्या मुकादमांच्या हाती देत. सुतार, गवंडी, पाथरवट यांची मजुरी त्यातून जाई. आणि तेराव्या वचनात लिहिलं आहे की त्या पैशातून रुप्याचे पेले, कातऱ्या, कर्णे असलं काही केलं नाही.

म्हणजे आधी जाब विचारला, मग उघड्यावर पेटी आली, मग दोघांनी मिळून मोजदाद केली, आणि या सगळ्यानंतर कारागिरांच्या इमानावर विश्वास टाकला. तो विश्वास मुकादमांवर होता. याजकांच्या हातून तर पैसे काढूनच घेतले होते. पंधरावं वचन तुमच्या ठरावाच्या बाजूचं नाही, पाळकसाहेब. तुम्ही आमच्यापेक्षा शास्त्र अधिक शिकलेले आहात. ते वचन वेदीवरून वाचलं गेलं तेव्हा तुम्ही गप्प राहिलात, याचं मला ठरावापेक्षा जास्त दुःख झालं.

प्रेषित पौलाकडे पाहा. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी तो मंडळ्यांकडून वर्गणी गोळा करत होता. पौलावर कुणी शंका घेतली असती? तरी तो एकटा पैसे घेऊन निघत नाही. आपला सहकारी तीत याला पाठवतो, त्याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक भाऊ देतो, आणि करिंथकरांना कारणही सांगतो: या मोठ्या रकमेच्या व्यवस्थेत कुणी आम्हाला दोष लावू नये, म्हणून जे प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने योग्य तेच आम्ही करतो. “देव पाहतो आहे ना, मग माणसांना कशाला दाखवायचं?” हे वाक्य मी गेल्या दोन महिन्यांत आपल्या आवारात चारदा ऐकलं. पौलाने ते ऐकून घेतलं नसतं.

गरीब निधीचं सांगते. आपल्याकडे हंगामाच्या सणाला लिलाव होतो. कुणी घरच्या झाडाची पपई आणतं, कुणी ज्वारीची पिशवी, कुणी डझनभर अंडी. बोली लावणारा ५०० रुपयांना अंडी घेतो आणि परत टेबलावर ठेवतो, पुन्हा लिलाव होतो, पोरं टाळ्या पिटतात. वर्षातला सगळ्यात आनंदाचा रविवार. ते पैसे विधवांच्या औषधांना आणि पोरांच्या फीला जायचे, ही माझ्या वडिलांच्याही आधीपासूनची रीत. या वर्षी ६१,४०० रुपये जमले असं वेदीवरून जाहीर झालं. जानेवारीत एका विधवा बहिणीला रक्तदाबाच्या औषधांचे दरमहाचे ८०० रुपये मिळाले नाहीत. “निधीत शिल्लक नाही,” असं तिला सांगितलं गेलं. मी विचारलं तेव्हा सचिव म्हणाले, नवीन साउंड सिस्टिम आणि छतावरच्या दिव्यांच्या क्रुसासाठी रक्कम ‘ॲडजस्ट’ केली आहे.

क्रूस रात्री लांबून दिसतो, खरं आहे. साउंड सिस्टिमही चांगली आहे. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांना आता उपदेश नीट ऐकू येतो, त्याचा मलाही आनंद आहे. मंडळीला विचारलं असतं तर या दोन्हींसाठी मंडळीने वेगळी वर्गणी दिली असती, मीही दिली असती. पण जी पपई विधवेच्या औषधासाठी म्हणून विकली तिच्या पैशाचा भोंगा घेणं ही काटकसरीची किंवा सोयीची गोष्ट नाही. देणाऱ्याला दिलेलं वचन मोडलं गेलं. आपण ज्या शहरात राहतो त्या शहरावर राज्य केलेल्या अहिल्यादेवी होळकरांनी खासगीचा पैसा आणि दौलतीचा पैसा वेगळा ठेवला होता, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा करायला इंदूरचं प्रत्येक घर शिकलं. दोन निधींच्या दोन वह्या वेगळ्या ठेवणं त्याहून अवघड नाही.

जमीन विकून आलेल्या पैशातला काही भाग लपवून ठेवणाऱ्या हनन्या आणि सप्पीरा या नवराबायकोची गोष्ट आपल्याकडे उपदेशात येते ती “देवाला पूर्ण द्या” अशी. मला ती तशी वाटत नाही. प्रेषित पेत्र हनन्याला म्हणतो की जमीन तुझी होती, विकल्यावर पैसाही तुझ्याच हाती होता. थोडं ठेवून घेतलं म्हणून तो मेला नाही. थोडं देऊन सगळं दिल्याचं दाखवलं, तिथे तो पडला.

मंडळीच्या आवारात काम करणाऱ्या दादांबद्दल लिहिताना हात जड होतो. १४ वर्षं ते घंटा वाजवतात, झाडतात, पावसाळ्यात छतावर चढून पन्हळी साफ करतात, कुणी वारलं की कबरीची जागा आखून देतात. रविवारी सगळ्यांना सुट्टी, त्यांना सगळ्यात जास्त काम. मी ती फाईल उघडली तेव्हा दर महिन्याच्या पावतीवर त्यांचा पगार ८,००० रुपये लिहिलेला आणि खाली त्यांचा अंगठा होता. त्यांच्या हातात ५,००० पडतात. मी त्यांना विचारलं तेव्हा ते घाबरले. म्हणाले, “बाई, माझं नाव घेऊ नका.” म्हणून घेत नाही. कमिटीचं म्हणणं आहे की आवारातल्या खोलीचं भाडं म्हणून ३,००० कापले जातात. असेल. मग तसं पावतीवर लिहा, भाडं जमेच्या बाजूला दाखवा आणि दादांना वाचून दाखवा. ते भाडं कोणत्याही वर्षाच्या जमेत मला सापडलेलं नाही. आणि त्यातल्या एका वर्षाच्या ताळेबंदावर माझी सही आहे.

बायबलात याकोब लिहितो की शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते, आणि तो आक्रोश सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेला आहे. इंदूरकरांना हे वचन समजावून सांगावं लागू नये. हुकूमचंद मिल बंद पडल्यानंतर तिच्या कामगारांना आपली देणी मिळायला तीन दशकांहून अधिक काळ लागला. सुमारे २२४ कोटींचा धनादेश निघाला तो २५ डिसेंबर २०२३ ला, नेमका नाताळच्या दिवशी. पैसे येईतो कितीतरी जण जग सोडून गेले होते. ज्या शहराने हे पाहिलं त्या शहरात, गिरणी कामगारांच्या नातवंडांनी भरलेल्या मंडळीत, एका माणसाच्या तीन हजारांचा पत्ता लागत नाही.

शाळेच्या प्रवेशाच्या पत्रांबद्दल थोडक्यात. “हे कुटुंब आमच्या मंडळीचे नियमित सभासद आहे,” असं पाळकसाहेबांच्या सहीचं पत्र असलं की ख्रिस्ती शाळेत प्रवेश सोपा होतो. गेल्या दोन वर्षांत अशी पत्रं अशा घरांना गेली ज्यांना मी बाप्तिस्म्याच्या फोटोव्यतिरिक्त कधी पाहिलं नाही, आणि त्याच सुमारास बांधकाम निधीत मोठ्या देणग्या आल्या. उलट, दर रविवारी दोन बस बदलून येणाऱ्या एका कुटुंबाला त्याच पत्रासाठी दोन महिने फेऱ्या माराव्या लागल्या. खोटी साक्ष देऊ नको ही नववी आज्ञा आहे. लेटरहेडवर ती साक्ष दिली म्हणजे खरी होत नाही. त्या लेकरांचा यात काही दोष नाही. त्यांना शिकू द्या. पण शाळेत जाण्याआधीच त्यांच्या आयुष्याचं पहिलं खोटं आपण लिहून देतो आहोत.

तुमचा सगळ्यात मोठा युक्तिवाद भीतीचा आहे, आणि तो मी हसून सोडून देणार नाही. वातावरण ठीक नाही, हिशेबातली चूक बाहेर गेली तर कोलीत मिळेल, असं तुम्ही म्हणता. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीचा अहवाल १९५६ चा. तेव्हा इंदूर जुन्या मध्य प्रदेशात नव्हतंही, मध्य भारतात होतं, तरी त्या अहवालातल्या परदेशी पैशाच्या आरोपांची चर्चा आमच्या घरात मी लहानपणी ऐकली आहे. मग धर्मांतरावर १९६८ चा कायदा झाला, आता २०२१ चा. प्रार्थनासभेच्या दारात पोलीस येऊन उभे राहण्याची धास्ती काय असते, ते मला माहीत आहे. पण याच कारणासाठी मी मूठ उघडा म्हणते आहे. जो आपल्यावर खोटा आरोप करील त्याच्यासमोर ठेवायला आपल्याकडे एकच गोष्ट आहे: दर वर्षी सगळ्यांसमोर वाचलेली, दोघांनी तपासलेली वही. ती नसेल तर खोट्या आरोपातलाही थोडासा भाग खरा निघेल, आणि त्याची शिक्षा कमिटीला नाही, दादांच्या पोरांना आणि त्या औषधवाल्या बहिणीला भोगावी लागेल.

पंडिता रमाबाईंचं नाव आपण दर वर्षी महिला रविवारी घेतो. त्यांच्या कामाला मदत करण्यासाठी १८८७ मध्ये बोस्टनमध्ये असोसिएशन स्थापन झाली, दहा वर्षं मदत करण्याच्या वचनावर. दर वर्षी तिचे अहवाल छापले जात. दहा वर्षं भरल्यावर, १८९८ मध्ये, रमाबाई समुद्र ओलांडून स्वतः अमेरिकेत देणाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या. आपल्याला तर मागच्या खोलीतून वेदीपर्यंत वीस पावलं चालायचं आहे.

माझ्या मागण्या पाच आहेत.

ठराव मागे घ्या. पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या एखाद्या रविवारी, उपासनेनंतर, गेल्या वर्षाचा जमाखर्च पूर्ण वाचा. मराठीतही वाचा आणि हिंदीतही. आता आपली निम्मी तरुण मंडळी मराठी अंक चटकन समजू शकत नाही.

गरीब निधीचे ६१,४०० रुपये त्याच निधीत परत जमा करा. एकदम जमत नसेल तर हप्त्याने करा, पण त्या बहिणीची औषधं या महिन्यापासून सुरू करा. क्रूस आणि साउंड सिस्टिमसाठी उघड वर्गणी काढा. माझे ५,००० रुपये त्यात धरा.

दादांचा पगार पावतीत लिहिला आहे तेवढा हातात द्या, आठवड्यातला एक दिवस सुट्टी द्या, आणि मागची बाकी किती होते ती दोन सभासदांना काढू द्या. ज्या वर्षाच्या ताळेबंदावर माझी सही आहे त्या वर्षाच्या बाकीतला अर्धा वाटा मी भरीन. बायबलातल्या जकातदार जक्कयाने फसवून घेतलेलं चौपट परत देईन म्हटलं होतं. मी तेवढी मोठी नाही, पण माझ्या सहीची किंमत मला भरायची आहे.

पाळकसाहेबांनी दिलेल्या प्रत्येक पत्राची नोंदवही ठेवा आणि ती कमिटीसमोर ठेवा. देणगी आणि पत्र यांचा एकमेकांशी संबंध उरू देऊ नका.

आणि माझ्या वर्षासह गेल्या पाच वर्षांचे हिशेब मंडळीबाहेरच्या सनदी लेखापालाकडून तपासून घ्या. माझी चूक निघाली तर ती माझ्या नावासकट वाचा.

कुणी राजीनामा द्यावा, कुणाला बहिष्कृत करावं, असं माझं मागणं नाही. तुमच्यापैकी तिघांना मी शब्बाथ शाळेत शिकवलं आहे. तुम्ही पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही, मला तसं माहीत नाही आणि माहीत नसलेलं मी लिहिणार नाही. मी येणं थांबवणार नाही, दशांश थांबवणार नाही, दुसऱ्या मंडळीत जाणार नाही. दर रविवारी उजवीकडच्या तिसऱ्या बाकावर असेन. फक्त एक: वेदीवर दान आणताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर दान तिथेच ठेव आणि आधी समेट कर, असं प्रभूने सांगितलं आहे. दादांच्या मनात माझ्याविरुद्ध काय असेल ते मला ठाऊक आहे. म्हणून हा हिशेब होईपर्यंत मी प्रभुभोजनाला पुढे येणार नाही. तुम्ही यावं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

येत्या शनिवारी दुपारी चार वाजता मी मागच्या खोलीत येईन. वडिलांच्या काळच्या दोन वह्या माझ्याकडे आहेत, त्याही आणीन. खजिनदारांनी पावत्यांची फाईल आणावी आणि आणखी दोन माणसं असावीत. टेबलावर घालायला चादर मी घरून आणते.

प्रभूमध्ये आपली बहीण,
मंडळीची एक जुनी सभासद
इंदूर